आधी पंचनामा, मग अर्थ: अमेरिकन कवितेतला निसर्ग आणि आयुष्यातले निर्णय कसे वाचावेत

अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची ‘द रोड नॉट टेकन’, रानात दोन वाटा फुटतात तिथे एक निवडणाऱ्या वाटसरूची कविता, आपल्याकडे अनेकांना भेटली ती सीबीएसईच्या नववीच्या पुस्तकात, नाहीतर एखाद्या प्रेरणादायी भाषणात. तिचा अर्थही ठरून गेलेला आहे: चारचौघांनी टाळलेली वाट धरा, आयुष्याचं सोनं होईल. परीक्षेत या उत्तराला मार्क मिळतात, कॉलेजच्या निरोप समारंभात टाळ्या मिळतात. अडचण एवढीच की कविता सावकाश वाचली तर ती असं म्हणतच नाही.

हा घोळ आपल्या वाचायच्या सवयीतून होतो. शाळेत रसग्रहण शिकताना आपण सगळ्यात आधी ‘मध्यवर्ती कल्पना’ शोधायला शिकतो, आणि ती बहुधा शेवटच्या दोन ओळींत असते असं गृहीत धरतो. मधली झाडं, पानं, बर्फ, पाखरं ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ एवढ्या एका वाक्यात उरकली जातात. फ्रॉस्टच्या बाबतीत हे फार महागात पडतं. त्याच्या कवितेत माणूस आपल्या निर्णयाबद्दल एक सांगत असतो आणि भोवतालची झाडंझुडपं दुसरंच सांगत असतात. म्हणून आधी पंचनामा करायचा आणि जबाब नंतर घ्यायचा. जागा कुठली, वेळ कोणती, काय दिसलं, तिथे कोण हजर होतं, हे कागदावर आलं की मग निवेदकाचं म्हणणं ऐकायचं.

पहिली पायरी: ठिकाण, ऋतू आणि झाड नक्की करा

फ्रॉस्टचा जन्म १८७४चा, सॅन फ्रान्सिस्कोमधला. वडील गेल्यावर, अकरा वर्षांचा असताना, तो मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सला आला. पुढे न्यू हॅम्पशरमधल्या डेरी गावी त्याने कोंबड्या पाळल्या, शेती केली. मेन, न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकट ही सहा राज्यं म्हणजे न्यू इंग्लंड. त्याच्या बहुतेक कवितांची भूमी हीच. तिथे पानं पिवळी-तांबडी होतात ती ऑक्टोबरच्या आसपास, थंडीच्या तोंडावर. आपल्याकडे पानगळ म्हटलं की उन्हाळ्याच्या तोंडावरचा सह्याद्री डोळ्यांपुढे येतो, तो इथे बाजूला ठेवायला हवा. पिवळं रान म्हणजे ओलसर, गार हवा, लवकर येणारा अंधार आणि नुकत्याच पडलेल्या पानांचा थर.

झाडाची ओळख चुकली की अर्थ कसा घसरतो, याचा नमुना दहावीच्या ‘डस्ट ऑफ स्नो’मध्ये आहे. आठ ओळींची, एका वाक्याची कविता. हेमलॉकच्या झाडावरून एक कावळा निवेदकाच्या अंगावर बर्फाचा भुगा पाडतो आणि वाया गेलेल्या दिवसाचा थोडा भाग तरी वाचतो. बऱ्याच गाइडांत लिहिलेलं असतं की हेमलॉक विषारी, कावळा अशुभ, म्हणून कवीने मुद्दाम वाईट प्रतीकं निवडली. सॉक्रेटिसला दिलेलं विष ज्या हेमलॉकचं, ती एक वेगळीच, झुडपासारखी वनस्पती. न्यू इंग्लंडमधला हेमलॉक हा सूचिपर्णी वृक्ष आहे. तो हिवाळ्यातही हिरवा राहतो आणि विषारी मुळीच नाही. त्याच्या सपाट, झुकलेल्या फांद्यांवर बर्फ साठतो, म्हणून तर कावळा बसल्यावर तो खाली सांडतो. कावळाही तिथल्या हिवाळ्यात नेहमी दिसणारा पक्षी. आपल्या पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याला या कवितेत आणायचं कारण नाही. रोजचं झाड, रोजचं पाखरू आणि एक अपघात, एवढ्यावर मन बदलतं. प्रतीकांचा पसारा मांडला की हा साधेपणाच निसटतो.

तेव्हा कवितेत कुठलंही झाड, पक्षी, फूल आलं की प्रतीक शोधण्याआधी त्याचं छायाचित्र शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी पायरी: ओळी सोडा, वाक्यं मोजा

आता ‘द रोड नॉट टेकन’ समोर घ्या. वीस ओळी, पाच-पाच ओळींची चार कडवी. पेन्सिल घेऊन पूर्णविराम कुठे आहेत तेवढेच गोल करा. पहिला पूर्णविराम थेट बाराव्या ओळीच्या शेवटी येतो. म्हणजे दोन वाटा दिसणं, थांबणं, एकीकडे टक लावून पाहणं, दुसरी धरणं, तिची बाजू मांडणं आणि मग ती बाजू मागे घेणं, हे सगळं एका दमात, एकाच लांबलचक वाक्यात घडतं. त्यात प्रत्यक्ष निवड किती शब्दांत येते ते पाहा. पहिल्या वाटेकडे तो नजर पोचेल तिथपर्यंत, वळणावरच्या झुडपांपर्यंत पाहत राहतो आणि दुसरे कडवे सुरू होताच ‘मग दुसरी धरली’ एवढंच. विचार सगळा न धरलेल्या वाटेचा केला आणि पाऊल पडलं दुसरीवर. घर घेताना, नोकरी बदलताना, अगदी लग्न ठरवतानाही पुष्कळ जणांचं असंच होतं, पण ते कुणी भाषणात सांगत नाही.

तिसरी पायरी: दोन रकाने आखा

वहीचं पान उभं दुमडा. डाव्या बाजूला जे दिसलं ते लिहा, उजव्या बाजूला त्याबद्दल जे सांगितलं ते.

डावीकडे येईल: दुसरी वाटही पहिलीइतकीच चांगली. तिच्यावर गवत होतं, ती कमी झिजलेली वाटली. पण लगेच पुढची नोंद, की ये-जा म्हणाल तर दोन्ही सारख्याच झिजलेल्या. आणि त्यापुढची सगळ्यात महत्त्वाची: त्या सकाळी दोन्ही वाटांवर पानं सारखीच पडलेली होती आणि कुणाच्या पावलाने ती काळी झालेली नव्हती. गळलेली पिवळी पानं ओली असतात, त्यांवरून चार माणसं गेली की ती चिखलात दबून काळी पडतात. इथे एकही पान काळं नाही. म्हणजे त्या दिवशी दोन्ही वाटांवरून कुणीही गेलेलं नव्हतं. पुराव्याच्या दृष्टीने कवितेतली ही सर्वांत पक्की ओळ. पाठ्यपुस्तकाखालच्या प्रश्नांत ती सहसा दिसत नाही.

उजवीकडे येईल शेवटचं कडवं: मी कमी वापरातली वाट धरली आणि त्यानेच सगळा फरक पडला.

दोन रकाने शेजारी ठेवा. डावीकडे दोन्ही वाटा सारख्या. उजवीकडे एक कमी वापरातली. दोन्ही खरं असू शकत नाही. आणि कवीने डावीकडच्या नोंदी आपल्याच हाताने, एकदा नव्हे तर तीनदा केल्या आहेत, म्हणजे ही विसंगती नजरचुकीने राहिलेली नाही.

चौथी पायरी: क्रियापदांचा काळ बघा

पहिली तीन कडवी भूतकाळात आहेत. चौथं सुरू होतं भविष्यकाळात: पुढे कधीतरी, युगांनंतर, मी हे उसासा टाकून सांगत असेन. म्हणजे शेवटच्या तीन ओळी हा निष्कर्ष नाहीच. म्हातारपणी आपण ही गोष्ट कशी रंगवून सांगू याचा निवेदकाने आधीच बांधलेला अंदाज आहे. तो स्वतःलाच थोडा हसतोय, थोडा सावधही करतोय.

आणखी एक बारीक गोष्ट. पहिल्या ओळीत रान पिवळं आहे. शेवटच्या कडव्यात तीच ओळ परत येते, पण पिवळा रंग गळालेला. पानंही नाहीत, गवतही नाही, झुडपांतलं वळणही नाही. उरतं ते फक्त रान, दोन वाटा आणि ‘मी’. तो ‘मी’ही ओळीच्या शेवटी अडखळतो आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा येतो. गोष्ट सांगण्याजोगी व्हायची तर तपशील गाळावे लागतात आणि ‘मी’ मोठा करावा लागतो, हे फ्रॉस्टने एक विशेषण काढून दाखवलं.

आता शीर्षक परत वाचा. ते धरलेल्या वाटेबद्दल नाही. न धरलेल्या वाटेबद्दल आहे.

उसासा सुखाचा की पश्चात्तापाचा, यावर वर्गात तासभर वाद घालता येतो आणि घालावाही. माझं मत विचाराल तर दोन्ही नाही. तो ऐकणाऱ्यांसाठी टाकलेला उसासा आहे, गोष्टीला वजन यावं म्हणून.

पाचवी पायरी: शेजारची कविता वाचा

‘द रोड नॉट टेकन’ ‘अटलांटिक मंथली’च्या ऑगस्ट १९१५च्या अंकात आली. त्याच अंकात फ्रॉस्टची ‘बर्चेस’ही होती. ही शेजारीण अनेकांच्या नजरेतून सुटते आणि माझ्या मते खरी किल्ली तिच्याकडे आहे.

बर्च हे पांढऱ्या सालीचं, लवचीक खोडाचं झाड. कवितेच्या सुरुवातीला वाकलेली बर्च झाडं पाहून निवेदकाला वाटतं, कुणीतरी पोरगा त्यांवर झोके घेत असणार. पण पुढच्याच क्षणी तो कबूल करतो की झोके घेतल्याने झाडं अशी कायमची वाकत नाहीत, ते काम बर्फाच्या वादळाचं. मग तो हिमकवच चढलेल्या फांद्यांचं, उन्हात तडकून काचेसारख्या खाली पडणाऱ्या बर्फाचं इतकं नेमकं वर्णन करतो की आपण पोराला विसरतो. एवढं झाल्यावर तो म्हणतो, सत्य मध्येच घुसलं खरं, पण मला आपलं पोरानेच ती झाडं वाकवली असं मानायला आवडेल.

म्हणजे खरं काय ते ठाऊक आहे, हवीशी गोष्टही ठाऊक आहे, आणि दोन्हींतला फरक न लपवता तो गोष्ट निवडतो. ‘बर्चेस’मध्ये हे उघड सांगितलंय, ‘रोड’मध्ये झाकून. निसर्ग दोन्हीकडे पुराव्याचं काम करतो. एखादी कविता अडली की त्या कवीची त्याच सुमाराची दुसरी कविता शेजारी ठेवा. समीक्षेच्या पुस्तकाआधी हे करा.

‘बर्चेस’मधला निर्णयही गमतीचा आहे. आयुष्याचा कंटाळा आला की झाडावर चढून आकाशाकडे निघून जावं, पण शेंड्याने वाकून परत जमिनीवर ठेवावं. नियतीने अर्धीच इच्छा ऐकून कायमचं उचलून नेऊ नये, अशी तो घाईघाईने पुरवणीही जोडतो.

सहावी पायरी: चरित्र वापरा, पण उशिरा

फ्रॉस्ट १९१२ ते १९१५ इंग्लंडमध्ये होता. ग्लॉस्टरशरमध्ये राहताना त्याची एडवर्ड थॉमस या इंग्लंडमधल्या लेखक-कवीशी घट्ट मैत्री झाली. दोघं रानावनात लांब फिरायला जात. कुठल्याही वाटेने गेलं तरी थॉमस नंतर हळहळायचा की दुसरीने गेलो असतो तर अमुक फूल, तमुक पक्षी दाखवता आला असता. फ्रॉस्टने मित्राच्या या स्वभावाची चेष्टा म्हणून ‘द रोड नॉट टेकन’ लिहिली आणि त्याला पाठवली. थॉमसने ती गंभीरपणे घेतली. १९१५मध्येच तो सैन्यात दाखल झाला आणि ९ एप्रिल १९१७ रोजी, पहिल्या महायुद्धातल्या आरासच्या लढाईत मारला गेला. फ्रॉस्ट पुढे श्रोत्यांना बजावत असे की ही कविता फसवी आहे, जपून वाचा.

ही हकिकत इतकी प्रभावी आहे की आधी कळली तर कविता वाचायचीच राहते. सगळं ‘थॉमसची गोष्ट’ होऊन बसतं. म्हणून ती सहाव्या पायरीवर ठेवली आहे. काळी न पडलेली पानं आपल्याला आपणहून दिसली पाहिजेत.

सातवी पायरी: निर्णय झाला का, ते तपासा

‘स्टॉपिंग बाय वूड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’ या फ्रॉस्टच्याच दुसऱ्या कवितेवर हीच पद्धत लावा. ठिकाण: गोठलेलं तळं आणि जंगल यांच्या मधली जागा, जवळ घर नाही. वेळ: वर्षातली सर्वांत अंधारी संध्याकाळ. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात व्हरमाँटमध्ये साडेचारच्या आत सूर्य मावळतो. हजर: निवेदक आणि घोडा. गैरहजर: जंगलाचा मालक.

हा मालक पहिल्याच ओळीत येतो, तरी वाचक त्याला ओलांडून जातात. हे रान कुणाचं ते मला माहीत आहे असं वाटतं, त्याचं घर गावात आहे, मी थांबलेला त्याला दिसणार नाही. निसर्गकवितेची सुरुवात मालकी हक्काने होते! रान देवाचं किंवा सगळ्यांचं नसून कुणाच्या तरी सातबाऱ्यावरचं आहे आणि आपण चोरून उभे आहोत, अशी ती सुरुवात. घोडा घुंगरं हलवून विचारतो, काही चुकलं का? आवाज फक्त वाऱ्याचा आणि भुरभुरणाऱ्या बर्फाचा.

आता शेवट. दिलेली वचनं आहेत, झोपण्याआधी मैलोन् मैल जायचंय, आणि तीच ओळ पुन्हा. वचनं कुणाला दिली, कशाची, कविता सांगत नाही. तो निघाला, असंही कुठे म्हटलेलं नाही. ‘जायचंय’ म्हणणं आणि जाणं यांत अंतर असतं, हे सकाळी गजर बंद करणाऱ्याला सांगायला नको.

यमकही इथे पुरावा आहे. पहिल्या तीन कडव्यांत तिसरी ओळ यमकात बसत नाही, पण पुढच्या कडव्याला तिचंच यमक मिळतं. अशी साखळी पुढे सरकत राहते. चौथ्या कडव्यात चारही ओळींना एकच यमक. पुढे ओढून नेणारी ओळ शिल्लक राहत नाही. हा ठाम निश्चय की पेंग, हे वाचकाने ठरवायचं. कवी-समीक्षक जॉन सियार्डीने १९५८ साली ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये या रानात मृत्यूची ओढ दाखवली, तेव्हा मोठा वाद झाला होता. मला ती ओढ दिसते, पण घोडा विसरून फक्त मृत्यू वाचणं हेही शेवटच्या ओळींवर उडी मारण्यासारखंच आहे.

नेहरूंच्या टेबलावर या कवितेच्या शेवटच्या चार ओळी त्यांच्या हस्ताक्षरात होत्या, हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे. त्यामुळे भारतात ही कविता कर्तव्याचीच झाली, आणि रानाचा मोह मागे पडला. आणखी एक: बर्फाची ही संध्याकाळ फ्रॉस्टने १९२२च्या जून महिन्यात लिहिली, रात्रभर दुसऱ्या दीर्घ कवितेवर काम केल्यानंतरच्या पहाटे. चरित्र उशिरा वापरायचं, ते यासाठीही.

इथे पाठही तपासा. फ्रॉस्टच्या छापील ओळीत रान ‘सुंदर’ आहे, मग स्वल्पविराम, मग ‘अंधारं आणि खोल’. म्हणजे अंधारं आणि खोल आहे म्हणूनच ते सुंदर. १९६९च्या संपादित आवृत्तीत ‘अंधारं’नंतर आणखी एक स्वल्पविराम घातला गेला आणि तीन वेगवेगळ्या गुणांची यादी झाली. तुमच्या पुस्तकात कोणता पाठ आहे ते पाहा. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन वाचताना तर ही खबरदारी दुप्पट घ्यावी लागते. १८९०च्या पहिल्या संपादकांनी तिच्या आडव्या रेघा (डॅश) गुळगुळीत केल्या, त्या थॉमस जॉन्सनच्या १९५५च्या आवृत्तीत परत आल्या.

सरावासाठी तीन कविता

वॉल्ट व्हिटमनची ‘व्हेन आय हर्ड द लर्न्ड अ‍ॅस्ट्रॉनॉमर’ (१८६५). आठ ओळी, एक वाक्य. व्याख्यानाला कंटाळून माणूस बाहेर पडतो आणि तारे पाहतो. ‘विज्ञानविरोधी कविता’ असा शिक्का मारण्याआधी पाहा, की तो ‘अधूनमधून’ वर बघतो, सतत नाही. सभागृहातल्या ओळी लांब-लांब होत जातात, शेवटची मात्र नेमक्या लयीत बसते.

विल्यम स्टॅफर्डची ‘ट्रॅव्हलिंग थ्रू द डार्क’. इथे निसर्ग देखणा नाही. ऑरेगॉनमध्ये विल्सन नदीच्या कडेचा अरुंद रस्ता, रात्र, मेलेली हरिणी, तिच्या पोटात जिवंत पिल्लू. ती रस्त्यात राहिली तर चुकवायला जाऊन माणसं मरतील. निवेदक थबकतो, सगळ्यांच्या वतीने विचार करतो आणि तिला नदीत ढकलतो. दोन रकाने इथेही आखा, पण ‘जिवंत’ आणि ‘मृत’ असे. गाडी गुरगुरते, तिचा धूर उबदार आणि लाल. हरिणी गार पडत चाललेली. मग रान कान देऊन ऐकत असतं ते कोणाचं, हा प्रश्न स्वतःला विचारा. दुसऱ्या महायुद्धात स्टॅफर्डने सद्‌सद्‌विवेकाला स्मरून शस्त्र धरायला नकार दिला होता, हे वाचून झाल्यावर आठवा.

मेरी ऑलिव्हरची ‘द समर डे’ (१९९०). या एकुलत्या एक आयुष्याचं काय करणार, हा तिचा शेवटचा प्रश्न करिअर-मार्गदर्शनाच्या पोस्टरांवर झळकतो. पोस्टरवर नाकतोडा नसतो. कवितेत तो हातावरची साखर खातो, जबडे वर-खाली नव्हे तर मागे-पुढे हलवत. आणि निवेदिका दिवसभर कुरणात काहीही न करता हिंडलेली असते. कामाला लागा असं सांगायला ही ओळ वापरणाऱ्यांनी एकदा वरच्या ओळी वाचाव्यात.

उत्तर किंवा लेख लिहिताना

रूढ अर्थ एका वाक्यात नोंदवा, तो खोडायला उत्साहाने धावू नका. त्यानंतर डाव्या रकान्यातली एकच ओळ घ्या आणि तिने तो अर्थ कुठे ताणला जातो ते दाखवा. परीक्षकाला हे पचतं. पाच प्रतीकं आणि त्यांचे पाच अर्थ लिहिण्यापेक्षा काळी न पडलेली पानं पुरतात.

मराठीत अनुवाद करून प्रसिद्ध करायचा असेल तर हक्कांचा हिशेब सोपा आहे. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. फ्रॉस्ट जानेवारी १९६३मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता इथे १ जानेवारी २०२४पासून मोकळ्या झाल्या आहेत. व्हिटमन तर कधीचाच मोकळा आहे. स्टॅफर्ड (मृत्यू १९९३) आणि ऑलिव्हर (मृत्यू २०१९) यांच्या पूर्ण कवितांचा अनुवाद प्रसिद्ध करायचा तर परवानगी घ्यावी लागेल. रसग्रहणात गरजेपुरती ओळ उद्धृत करायला हरकत नाही.